लव्होनच्या नाक्यावर माझं हरीण

मी पंचवीस वर्षं हरणांच्या मागे हिंडलो, पण मी येतोय हे हरणांना नेहमी आधीच कळायचं. थंडीत मला पडसं होतं आणि शिंक काही दाबता येत नाही. बायको, ट्रूडी, म्हणायची, "ऑर्लिन, बंदूक कशाला नेतोस? उगाच ओझं!"

शिकारीच्या गप्पांत मात्र मला तोड नव्हती. आणि गप्पांची जागा एकच, लव्होनचा नाका. त्या काळी आमच्या विस्कॉन्सिन राज्यात मारलेलं प्रत्येक हरीण स्वतः नेऊन नोंदवावं लागे. आमच्या गावात ती नोंद लव्होनबाईंच्या दुकानात व्हायची. एरवी तिथे मासेमारीचे गळ आणि गांडुळं विकायला असत. नोव्हेंबरात शिकार सुरू झाली की दारात वजनकाटा टांगला जाई. बाई हरणाचा जबडा उघडून दात बघत, वय सांगत आणि धातूचा बिल्ला अडकवत. सारा गाव कॉफीचे पेले घेऊन भोवती उभा. ज्यांची गाडी रिकामी तेही येत. मी बरीच वर्षं असाच 'कॉफी प्यायला' जात होतो.

शहाण्णव साली ट्रूडी म्हणाली, "यंदा मीही येते." तिने स्वतःचा परवाना काढला. दलदलीजवळची, माझ्या मते अगदी भिकार जागा मी मोठ्या मनाने तिला दिली. साडेआठला एकच बार ऐकू आला. धावत गेलो, तर आठ टोकांच्या शिंगांचा नर आडवा पडलेला आणि ट्रूडी निवांत कॉफी ओततेय. तिने आपल्या परवान्याची, तिचं नाव असलेली चिठ्ठी शिंगाला बांधली. ओढायचं काम माझं. पाऊण मैल ओढताना दोनदा पडलो, एकदा तर हरीणच अंगावर आलं. गाडीत चढवेपर्यंत माझी खात्रीच पटली होती की ते मीच मारलंय.

नाक्यावर गर्दी जमली. ट्रूडी गाडीत सँडविच खात बसली होती.

"ऑर्लिन, तू? अरे, हे झोपलेलं होतं की आजारी?" गिरणीतला वेन्डल ओरडला.

मग मी सुरू झालो. पहाटेचं धुकं, वारा कुठून होता, मी श्वास कसा रोखला, सगळं सांगितलं. नेम धरून दाखवला. एक शिंक आली, तीही गोष्टीत बसवली. लव्होनबाई चिठ्ठी हातात धरून शांत उभ्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग जरा बाजूला हो. ट्रूडीला सही करायला येऊ दे."

मग असा हशा उसळला की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. ट्रूडी ओठावरची मोहरीची चटणी पुसत आली आणि माझी बाजू सावरायला म्हणाली, "ओढलं मात्र त्यानेच."

"वा! शिकारीण आपला बैल घेऊन आली!" वेन्डल म्हणाला. त्या दिवसापासून मी गावाचा बैल.

मी निघताना लव्होनबाईंनी हाक मारली. "गोष्ट चांगली सांगतोस रे. पुढच्या वर्षी हीच सांग, फक्त खरी सांग."

सांगितली. आणि गंमत बघा, माझ्या सगळ्या बढाया एकत्र केल्या तरी इतक्या चालल्या नसत्या. लोक पाहुण्यांना घेऊन यायचे, "बैला, सांग ना!" म्हणायचे. मी पडून दाखवायचो, तेव्हा जागा करून द्यायचे.

मग नाके बंद झाले आणि फोनवर नोंद सुरू झाली. नेमक्या त्याच वर्षी माझ्या हातून एक नर पडला. लहानसाच, पण माझा. फोनमधला आवाज म्हणाला, "नर असल्यास एक दाबा." दाबलं. वारा कुठून होता ते सांगू लागलो, तर त्या आवाजाने आभार मानून फोन ठेवून दिला.

मला राहवेना. हरीण घेऊन लव्होनबाईंच्या घरी गेलो. अंगणात आधीच तीन गाड्या! वेन्डलही कॉफी घेऊन उभा. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे बाई ओसरीत घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी जबडा उघडायला लावला, डोळे बारीक केले.

"दीड वर्षाचं. कुणी मारलं?"

"मी."

वेन्डलने सरळ ट्रूडीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मी आज दिवसभर घरीच आहे," ती म्हणाली.

एवढ्या साक्षीवर ते हरीण माझ्या नावावर लागलं.