लूमच्या खडखडाटातलं बोलणं

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत आबांशी बोलायचं म्हणजे घसा फोडून घ्यायचा. वर्षानुवर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभं राहून माझ्या वडिलांचे कान गेले होते. आई वैतागून आमच्या खानदेशी अहिराणीत म्हणायची, "यास्ले सांगापेक्षा भिंतले सांगेल बरं."

कारखान्यात मात्र आबा बहिरे नव्हते, कारण चोवीस लूम एकदम चालू असताना तिथं सगळेच बहिरे. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन जायची आणि दारातच खिळून उभी राहायची. ओठ रबरासारखे ताणून, हात हलवून कारागीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारत. धागा तुटला की दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवायची. शेठ येतोय हे सांगायला पोट पुढं काढून त्यावरून हात फिरवायचा. खानदेशातले, ओरिसातले, उत्तरेकडचे, सगळ्यांना ते समजे. हळूहळू मलाही समजायला लागलं. माझं आणि आबांचं खरं बोलणं व्हायचं ते तिथंच.

नव्वदच्या दशकात सुरतेतच कापडाचं इंजिनिअरिंग केलं आणि शिष्यवृत्ती मिळून पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जायचं ठरलं. नातेवाईकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पोरगी हातची जाईल, असं घरी येऊन सांगून गेले. आबांनी एकालाही उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात गेले. आबांनी लूमपलीकडून हातांनी विचारलं, "तिथल्या लोकांचं बोलणं कळेल तुला?" मी ओठ ताणून "हो" म्हटलं. ती थाप होती. माझं इंग्रजी पुस्तकातलं. बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. आबांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मग ते धागा जोडायला वळले.

इंग्लंडात विणकाम शिकवायला एक म्हातारा होता, सगळा जन्म त्याच गावच्या गिरणीत काढलेला. त्याच्या इंग्रजीचं रेडिओवरच्या इंग्रजीशी लांबचंसुद्धा नातं नव्हतं. तो बोलायचा आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायची. पहिल्या प्रात्यक्षिकात नापास झाले तर शिष्यवृत्ती बंद आणि मी परत लिंबायतला, हे लेखी होतं. लिंबायतच्या गल्लीच्या टोकाच्या एसटीडी बूथवर फोन केला की आई विचारायची, "आबा पुसतस, कळस का?" मी म्हणायची, "कळतं म्हणून सांग." थापेवर थाप.

मग एके दिवशी त्याने धोटा इकडून तिकडं फेकत विणणारे जुने लूम चालू केले. तो खडखडाट कानावर पडला आणि मला लिंबायतच्या आठवणीनं रडू आलं, लाज कसली सांगायला. म्हातारा एकदा काहीतरी ओरडला, कुणाला ऐकू गेलं नाही, मग नाद सोडून त्याने ओठ ताणले आणि दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली. वर्गातली पोरं एकमेकांकडं बघत राहिली, तोवर मी धागा जोडूनही टाकला होता. इतक्यात विभागप्रमुख दारात आले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून पोट पुढं काढलं आणि त्यावरून हात फिरवला.

मी हातानेच म्हटलं, "येऊ दे, काम चालू आहे." म्हाताऱ्यानं लूम बंद केले आणि पहिल्यांदाच एकेक शब्द सुटा करून विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, वडिलांकडं. तो म्हणाला, मी आईकडं. त्याच्या आईने सुरतेचं नाव ऐकलं नव्हतं, आबांनी त्याच्या गावाचं. मग दोघांना हे एकच कुणी शिकवलं? आज इतक्या वर्षांनीही मी त्या गोष्टीपुढं हात जोडते.

प्रात्यक्षिकात पास झाले. पुढं यंत्रं बसवायची, कारागिरांना शिकवायची नोकरी धरली, ती त्याच नादानं. देशोदेशी फिरायचं वेडच लागलं. कुठंही उतरले की राजवाडे राहू देत, आधी विणकामाचा कारखाना शोधते आणि दारात उभी राहून लोकांच्या हातांकडं बघते.

पण ते सगळं नंतरचं. आधी हे आबांना सांगायचं होतं. फोनवर त्यांना ऐकू येत नव्हतं, पत्र वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळवायची ही गोष्ट नव्हती. दोन वर्षं पोटात ठेवली. परत आले ती बॅग घेऊन थेट कारखान्यात. लूमपलीकडून आबांना हातांनी सगळं सांगितलं: म्हातारा, धागा, पोट.

आबा बघत राहिले. त्यांनी विचारलं, "किती लूम सांभाळायचा तो?" मी सहा बोटं दाखवली. आबांनी आठ दाखवली आणि छाती पुढं काढली. मग म्हणाले, "जाताना थाप मारली होतीस तू. ओठ वाचणाऱ्याला थाप दिसते."

मी विचारलं, "मग जाऊ कसं दिलंत?"

आबांनी आधी तुटलेला धागा जोडला, लूम चालू केला, आणि मग हात वर केले. "मी गाव सोडून सुरतेला आलो, तेव्हा मला तरी कुठं काय कळत होतं?"