सरळ केलेला पियानो पुन्हा वाकडा करताना

"ये तो मोबाइल की घंटी है," गोवर्धन सेठ म्हणाले आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर सरकवला. ताग्यात भोक सापडलं की गिऱ्हाईक जसा तागा परत सरकवतं, अगदी तसा.

सेठची रायपुरातल्या पंडरी बाजारात कापडाची होलसेल पेढी. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि आपणही एक छत्तीसगढी पिक्चर काढावा असं पंडरीतल्या निम्म्या दुकानदारांना वाटायला लागलं. सेठनी ते मनावर घेतलं. माझा स्टुडिओ तेव्हा नवा होता. नागपुरात एका वाद्यांच्या दुकानात पियानो ट्यूनिंग शिकून मी इकडे आलो होतो. पण रायपुरात पियानोच इतके कमी की ट्यूनर म्हणून फक्त उपाशी राहता आलं असतं. म्हणून घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगचा संसार मांडला होता. सेठचा पिक्चर हे माझं पहिलं मोठं काम.

त्यात एक विनोदी गाणं होतं. गावचा हिरो स्वप्नात विलायती क्लबात जाऊन नाचतो. सेठना तिथे हवा होता हॉन्की-टॉन्क पियानो. हे नाव त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हमारे बचपन के पिक्चर में, होटल वाले सीन में, जो टेढ़ा बाजा बजता था, वो."

हॉन्की-टॉन्क म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेतल्या जुन्या दारूच्या गुत्त्यांत भिंतीला टेकवून एक स्वस्तातला पियानो ठेवलेला असायचा. त्यावर बिअर सांडायची, धूळ बसायची, पण सुरात लावायला कोणी फिरकायचं नाही. त्यातून एक खणखणीत, जरासा बेसूर आणि फार खुशीत असलेला आवाज निघायचा. पुढे लोकांना तोच आवडायला लागला. आता कुठल्याही की-बोर्डमध्ये तो तयार मिळतो. बटण दाबलं की हजर. मी तेच बटण दाबलं होतं. अडचण एवढीच की त्यात प्रत्येक सूर सारखाच थरथरतो. सगळ्या घराला एकदम हिवताप यावा तसा.

"वासूजी," सेठ म्हणाले, "असली बाजा ढूँढो. नहीं तो ये गाना मुंबई में करवा लूँगा. फिर बाकी के गाने भी उधर ही ठीक रहेंगे."

म्हणजे स्टुडिओला कुलूप. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बटणं दाबून काय बसलाहात, शोधा की."

मला गजभिये काका आठवले. रेल्वेलाइनीला लागून असलेल्या गुढ़ियारी वस्तीत राहणारे रिटायर्ड लोको पायलट. रेल्वेच्या क्लबातलं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी कपाटं घेतली, खुर्च्या घेतल्या. काकांनी पियानो घेतला. त्यांना वाजवता येत नाही. का घेतला म्हणून विचारलं की म्हणायचे, "जवानीत बाहेर उभा राहून ऐकला होता. आता घरात बसून ऐकीन." ऐकवणारं कोणीच नव्हतं. पियानोवर तथागतांची मूर्ती, शेजारी घड्या केलेल्या गाद्या, आणि खालच्या पेडलला काकूंनी कांद्यांची पिशवी अडकवलेली.

मी सेठना तिकडे घेऊन गेलो. झाकण उघडून दोन-चार सूर वाजवले. सेठ डोळे मिटून म्हणाले, "बस. यही. सोमवार को रेकॉर्डिंग."

सेठ गेल्यावर काकांनी मला बसवून घेतलं.

"माईक-बिईक लाव तू, माहं काही म्हणणं नाही. पण आधी बाजा दुरुस्त करून द्यायचा. नात येऊन राहिली सुट्टीत. तिले शिकायचा आहे."

"रेकॉर्डिंग झालं की लगेच करतो, काका."

"काहून? चाळीस वर्षं गाडी चालवली मी. आधी इंजिन तपासत होतो, मग स्टेशन सोडत होतो. तू आधी स्टेशन सोडून राहिला."

यावर मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर माझेच हात शिवशिवत होते. एवढा बिघडलेला पियानो समोर असताना ट्यूनरने गप्प बसायचं म्हणजे हलवायाने साखरेकडे पाठ करून बसण्यासारखं. शिवाय मी स्वतःची समजूत काढली की पियानो जुना, लाकूड जुनं, म्हणजे आवाज जुनाच राहणार. जुनेपणा लाकडात असतो, असं मला वाटलं.

शनिवार-रविवार मी तारा पिळायची किल्ली घेऊन बसलो. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्ही एकाच सुरात आल्या की एकच तार वाजल्यासारखं वाटतं. मी एकूण एक तार जुळवली. इतकं चोख काम मी नागपुरातही केलं नव्हतं. काकूंनी दोनदा चहा दिला आणि कांद्यांची पिशवी आपणहून हलवली.

सोमवारी सेठ आले. मी ऐटीत सुरुवातीचा तुकडा वाजवला. सेठनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पियानोच्या मागे वाकून पाहिलं.

"वो बाजा कहाँ गया?"

"वही है सेठजी. ठीक कर दिया."

"किसने बोला ठीक करने को?"

"हमने बोला," काका छाती काढून म्हणाले. "बढ़िया हो गया न?"

"बढ़िया है भैया. स्कूल की प्रार्थना में बजाओ." सेठ चपला घालायला लागले. "वासूजी, बुधवार सुबह तक मेरा वाला बाजा. नहीं तो मुंबई."

आता तुम्ही म्हणाल, बिघडवायला काय लागतं? मलाही तसंच वाटलं होतं. मी किल्ली घेतली आणि दिसेल ती तार थोडी-थोडी सैल केली. मग वाजवून पाहिलं. मांडवात दोन्हीकडच्या मावश्या एकदम भांडायला लागाव्यात तसा आवाज आला. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं ओरडलं.

काका दारात उभे होते. "काहून बे वासू, हा तर पहिल्यापेक्षा बिमार झाला. काय करून राहिला तू?"

मग सगळं सांगावं लागलं. पिक्चर, सेठ, मुंबई, स्टुडिओचं कुलूप. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे त्याले वाकडा पाहिजे अन् मले सरळ. अन् तू दोघायलेही हव म्हणून बसला."

"हो."

"बरा बेवकूफ आहेस."

काका खुर्ची ओढून तिथेच बसले. माझ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे.

मी डोकं शांत केलं आणि सेठना आवडलेला तो पहिला आवाज आठवून पाहिला. तो बेसूर होता, पण गाणं कळत होतं. म्हणजे प्रत्येक सुरात कुठेतरी एक तार तरी जागेवर असणार. मी पुन्हा सगळं जुळवलं. मग मधली तार जशीच्या तशी ठेवली, तिसरी ठेवली, आणि पहिली फक्त केसभर वर चढवली. दोन तारा खरं बोलतायत आणि एक थट्टा करतेय. सुरांना लहर आली. खालच्या सुरांत संथ, वरच्या सुरांत जलद. प्रत्येकाची थोडी वेगळी, माणसांची असते तशी. की-बोर्डच्या बटणाला हेच जमत नव्हतं. नीट वाकडं करायचं तर आधी नीट सरळ असावं लागतं. म्हणजे माझे शनिवार-रविवार फुकट गेले नव्हते, असं मी अजूनही बायकोला सांगतो.

राहिला खणखणीतपणा. पियानोच्या आत तारांवर आपटणाऱ्या छोट्या हातोड्या असतात, त्यांना नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लावलेला असतो. काही लोक त्या नमद्यात सरळ टाचण्या ठोकतात. आवाज येतो झकास, पण नमदा कायमचा खराब होतो. मी टाचण्या मागितल्या तेव्हा काकांनी कशाला म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून टाचण्यांची डबी खिशात टाकली.

"हातोडीले हात नाही लावायचा. माह्या नातीचा बाजा आहे."

दुसरी युक्ती अशी की हातोडी आणि तार यांच्यामध्ये कापडाची एक पट्टी सोडायची आणि पट्टीला धातूचे तुकडे टाकायचे. हातोडी तुकड्यावर आपटते, तुकडा तारेवर. काम झालं की पट्टी काढून घ्यायची. पण एवढे सारखे तुकडे आणायचे कुठून?

काकू आतून ऐकत होत्या. त्या शिवणाचा डबा घेऊन आल्या.

"टिचबटणं चालतील का? ब्लाऊजची आहेत."

चालली. काकूंनी जुन्या परकराची लांब पट्टी फाडली आणि मंगळवारची दुपारभर बटणं शिवली. मी एकेक सुराची जागा खडूने दाखवत होतो, आणि त्या म्हणत होत्या, "सरळ रेषेत पाहिजे ना रे? नाहीतर तुझा सेठ म्हणेल, आता हेही वाकडं कर."

बुधवारी सेठ आले. चपला काढल्या नाहीत, दारातच उभे राहिले. मी वाजवायला लागलो. कडव्याच्या मध्यावर मालगाडीचा हॉर्न वाजला आणि मी थांबलो. मान वळवून पाहिलं तर सेठच्या चपला दाराबाहेर होत्या आणि सेठ गाद्यांना टेकून मान डोलवत होते.

"रुक क्यों गए? बजाओ." मग म्हणाले, "इसमें क्या डाला? वो छन-छन?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणालो, "टेक्निकल है, सेठजी."

गाणं झालं. बाकीची गाणीही माझ्याकडेच झाली. पुढच्या आठवड्यात मी पट्टी काढली, पियानो परत सरळ केला, काकांनी मूर्ती जागेवर ठेवली. नात आली, तिने झाकण उघडून सूर वाजवले आणि म्हणाली, "नाना, ये तो एकदम परफेक्ट है." काकांनी माझ्याकडे पाहून एकदाच मान हलवली. टिचबटणं काकूंनी उसवून परत डब्यात टाकली.

पिक्चर पडला. गाणं मात्र चाललं, आणि चाललं कुठे तर वरातींत. लग्नसराईत एकदा काकांच्या ओट्यावर बसलो होतो. समोरून वरात आली, आणि बँड आमचंच गाणं वाजवत होता. दोन ट्रम्पेट खरं बोलत होते, तिसरा थट्टा करत होता. झांजेची छन-छन तर टिचबटणांच्या वर. मी इतके दिवस घासून आणलेला तो सगळा वाकडेपणा त्यांनी काहीही न करता आणला होता.

काकांनी पूर्ण वरात जाऊ दिली. मग म्हणाले, "वासू, हे पोट्टे तर जन्मापासून असेच वाजवून राहिले. यायलेच बोलावून घ्यायचं होतं ना बे."

तेव्हापासून माझा एक नियम आहे. किल्ली लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, सरळ पाहिजे की वाकडा. लोक हसतात. हसू दे. वाकड्याला मी वेळ जास्त मागतो.