हळदीकुंकवातला हौद

विनताबाई गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, देवमाणूस होती. काहीतरीच! देव नैवेद्य दाखवला की गप्प तरी बसतो. या बाईनं माझ्या पुरणपोळ्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि वर दुप्पट गणितं घातली.

साल एकाहत्तर. लढाई लागलेली, नवरे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल शिफ्ट करून राहिले होते. आम्ही बायका दुपारी सदर भागातल्या महिला मंडळात जवानांसाठी स्वेटर विणायचो. तिथंच मॅट्रिकचा वर्ग निघाला. आम्ही नावं घातली ती गप्पांसाठी. शिकवायला विनताबाई: बिनलग्नाच्या, काटकुळ्या, आवाज फॅक्टरीच्या भोंग्याचा. "हात विणू द्या. तोंडानं पाढे म्हणा!"

गरजेपोटी आलेली एकटी शकु. तिचा नवरा पावसाळ्यात तापानं गेला. त्याच्या जागी तिला फॅक्टरीत घेणार होते. मॅट्रिक झाली तर कारकून, नाही तर साहेबांना पाणी द्यायला. पण फळ्याशी बोलावलं की तिचे डोळे भरायचे.

"बिचारी आहे हो," मी म्हटलं. "तिला सोपं घाला ना."

"बेबीताई, बिचारी आहे म्हणून बोर्ड पेपर सोपा काढणार आहे काय?"

आणि घातला हौद. एक नळ हौद भरून राहिला, दुसरा रिकामा करून राहिला, तर हौद कधी भरेल? अहो, कोणीतरी उठून तो दुसरा नळ बंद करा ना! शकु रडत घरी गेली ती परत आलीच नाही. "मी पाणीच देईन," म्हणे. असा राग आला मला बाईंचा!

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू. अख्ख्या वर्गानं दांडी मारली. शकुला बोलावलं नव्हतं. विधवेला कोण बोलावतं? तिळगूळ वाटून राहिले होते, तर दारात बाई. एका हातात फळा, दुसऱ्या हातात शकुचं मनगट.

"वर्ग इथं आला, तर मीही इथंच."

बाईंनी फळा माझ्या कपाटाला टेकवला आणि तोच मेला हौद लिहिला. "सोडवेल तिला वाण."

आम्ही सगळ्या छताकडे बघू लागलो. शकु खाली मान घालून उभी. मग काय संचारलं कोण जाणे, तिनं बाईंच्या हातून खडू हिसकला. खडू मोडला. तुकड्यानं लिहीत गेली, चुकली, पदरानं पुसलं, पुन्हा लिहिलं. भरला की हो हौद!

"बरोबर. वाण द्या तिला."

"विधवेला?" सासूबाई म्हणाल्या.

"उत्तर तिचं आलं."

सासूबाई हलेनात. शेवटी मीच उठले आणि वाणाची चहागाळणी शकुच्या हातात ठेवली. पुढं आठवडाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चलो, तेवढीच शांतता. शकुनं गाळणी कमरेला खोचली, खडू मात्र सोडला नाही.

"दुसरं घाला," ती बाईंना म्हणाली.

उन्हाळ्यात निकाल लागला. शकु कारकून म्हणून रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन बाईंकडे गेली, मी सोबत. बाईंनी आधी गुणपत्रिका मागितली.

"गणितात अठ्ठावन्न? बाकीचे कुठं गेले?"

"दुसऱ्या नळानं गेले, बाई," शकु म्हणाली.

आणि त्या खडूस बाईनं अख्खा पेढा शकुच्या तोंडात कोंबला.