माझ्या नावावरचा खेळ

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. भोकरजवळच्या ज्या शाळेत शिकले, तिथल्या सरांचे उपकार मी जाहीर सांगते आणि मनापासून सांगते. एक गोष्ट मात्र सांगत नाही.

मी दहावीत असताना आमचा मुलींचा खो-खो संघ विभागीय सामन्यांसाठी लातूरला जायचा होता. जिंकलं की खेळाडूंना बोर्डात वाढीव गुण. संघातली सगळ्यात चपळ मुलगी माझ्याच बाकावर बसायची. ती खांबाला एका हाताने धरून असा सूर मारी, की पुढची मुलगी 'सुटले' म्हणेपर्यंत बाद झालेली असे. पण तिचं वय चार महिन्यांनी जास्त भरत होतं. मला धड पळताही येत नव्हतं, पण शाळेची सगळी आशा माझ्या टक्क्यांवर होती. सरांनी दोन्ही अडचणी एकदमच सोडवल्या. यादीत नाव माझं, मैदानात ती.

"दोघी सारख्याच वाळक्या," सर हसून म्हणाले. "फोटो कोण बघून राहिलंय?"

"पण सर, हिचं नाव पुकारलं अन् हीच उठली तर?" तिने विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

लातूरला मी प्रेक्षकांत विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले. माईकवरून माझं नाव गाजत होतं. दर वेळी ती लांबून माझ्याकडे बघून दात काढायची. आम्ही जिंकलो. प्रमाणपत्र माझ्या नावाने आलं, गुण आले, लातूरच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ती इंग्रजीत नापास झाली आणि शाळा सुटली. कौशल्य कुणी हिरावून घेऊ शकत नाही, असं मी आता वर्गात शिकवते. खरंच आहे ते. कौशल्य तिच्याकडेच राहिलं. बाकीचं मी नेलं.

गेल्या जूनमध्ये नांदेडच्या आमच्या शाळेला खो-खोसाठी तासिकेवर कुणीतरी हवं होतं. ती आली. दोन लेकरांची आई. मुख्याध्यापकांनी मैदानावर नेलं, तेव्हा पदर खोचून तिने एकच सूर मारला. मुली टाळ्या वाजवायच्या विसरल्या.

कार्यालयात मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुठपर्यंत खेळलात?"

"लातूरला खेळले, सर."

"प्रमाणपत्र?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. एक वाक्य बोलायचं होतं, पण नोकरीच्या अर्जालाही मी तेच प्रमाणपत्र जोडलं होतं; त्या वाक्याने माझी नोकरीही गेली असती. मी हजेरीपटाची पानं उलटत राहिले.

"न्हाई सर. हरवलं," ती म्हणाली.

"कागदाशिवाय कसं घेणार, बाई?" मग ते माझ्याकडे वळले. "अहो मॅडम, तुम्ही तर विभागीय खेळाडू! तुम्हीच घ्या की पोरींना."

मी हो म्हणाले. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती, पण तीच आधी बोलली.

"भिऊ नको गं, म्या कुठं बोलत न्हाई. फक्त पोरींला त्या मुरमाड जागेवर सूर मारू देऊ नको. हनुवट्या फुटतील. माती टाकून घे आधी."

सोमवारी शिट्टी घेऊन मैदानावर उभी राहिले. सातवीतली एक मुलगी पुढे आली.

"मॅडम, सूर कसा मारायचा? एकदा दाखवा ना."

"आधी मैदानाला चार फेऱ्या मारा," मी म्हणाले.