दाजींचा मोत्या

आक्काचा फोन आला तेव्हा मी सांगलीत हळदीच्या सौद्यात होतो. भोवती बोलीचा गलका चालला होता. "तुझं दाजी गेलं रं," एवढंच नीट ऐकू आलं. धक्का बसला असं म्हणणार नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं आणि डॉक्टरांनी आम्हाला कल्पना देऊन ठेवली होती. तरी साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर गेल्या मे महिन्यातला एक दिवस आठवत राहिला, ज्या दिवशी तसं काहीच घडलं नव्हतं...

दाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि दोन गोष्टींच्या नादी लागले. एक मोत्या नावाचं गावठी कुत्रं, दुसरं लोकरीचं विणकाम. विणायला ते म्हणे बर्फातल्या ठाण्यावर शिकले. आमच्याशी अस्सल पाटणचं बोलणारा हा माणूस कुत्र्याशी मात्र हिंदीत बोलायचा. हुकूम हिंदीतच द्यायचा असतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही मोत्याला गोडोलीकडे फिरवून आणलं. त्याच्या गळ्यात साखळी नव्हती, दाजींनी ती कधी घेतलीच नाही. घरी आल्यावर आक्कानं नेहमीप्रमाणे त्याला उंबऱ्याबाहेर थोपवलं. कुत्र्याचे केस तिला खपत नसत. मग दाजी पंख्याखाली माकडटोपी विणत बसले. भर उन्हाळ्यात माकडटोपी कसली, म्हणून मी चेष्टा केली, तर म्हणाले, थंडी पडल्यावर विणायला घेतली की टोपी होईस्तोवर थंडी सरते. दुपारी आक्काचा डोळा लागला तसे त्यांचे हात थांबले.

"माझ्यामागं ह्येला गावाकडं धाडू नगा," ते हळूच म्हणाले. "तितं साखळीला बांधत्याल. झुरून मरंल त्यो."

आक्काला सांगितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी पुन्हा सुया हातात घेतल्या. मी बघतो म्हणालो आणि विषय तिथंच राहिला.

तेराव्याला दाजींचे धाकटे भाऊ पाटणहून जीप घेऊन आले. जेवणं उरकल्यावर म्हणाले, मोत्याला रानात राखणीला नेतो. साखळीही आणली होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, वहिनीमागचा व्याप कमी व्हावा एवढंच. आता बोलायची पाळी माझी होती. पण शब्द दिलेला मी, आणि कुत्रं सांभाळायचं आक्कानं... मी घसा खाकरतोय तोवर तीच बाहेर आली. "कुत्रं हितंच ऱ्हाईल, भावजी," एवढं बोलून ती परत आत गेली. जीप रिकामीच परतली.

आता रोज सकाळी आक्काच मोत्याला फिरवते. मागच्या आठवड्यात मी सोबत होतो. चालता चालता दाजींचं ते बोलणं तिला सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही.

"माझ्यामागं ह्येला संबाळशील का, म्हनून मलाबी लय डाव इचारलं हुतं त्येंनी," ती म्हणाली. "मी दर डावाला न्हाईच म्हनले."

"का गं?"

मोत्या पुढे जाऊन वळून उभा राहिला होता. आक्काही थांबली.

"म्हनलं, कुत्र्याची सोय लागल्याबिगर हे जात्याल कसं..."