राऊतबाई आणि माझं 'खासगी' बोलणं

हसायचं नाही, ही अट आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण या वेडेपणावर बायको अजून पाहुण्यांची करमणूक करते!

फेसबुक वगैरे यायच्या आधीची गोष्ट. माणिकपूरच्या आमच्या शाळेला अकरावी कॉमर्सची नवी तुकडी मिळाली आणि त्या तुकडीवर मी. पोरं आली नाहीत तर तुकडी बंद, म्हणजे मी घरी. त्यात लग्न नुकतंच ठरलेलं. होणाऱ्या सासऱ्यांना काय तोंड दाखवणार?

तेव्हा इंटरनेटवर मित्र जोडायची एक साईट होती. दहावी झालेली सगळी पोरं तिच्यावर पडीक. कुणाच्याही पानावर जाऊन निरोप लिहायचा. म्हटलं, शाळेचं पान इथेच काढू! मुख्याध्यापिका राऊतबाईंनाही खातं उघडून दिलं. त्या घरून, उमेळ्याहून लिहायच्या, मी सायबर कॅफेतून. पोरं तर धडाधड जोडली गेली. मी हवेत!

मी जाहिरात केली, 'सुसज्ज लायब्ररी.' लगेच बाईंचा निरोप. "सर, आपल्याकडे लायब्ररी कुठेय?"

मी लिहिलं, "बाई, प्रवेश होईपर्यंत स्टाफरूममधल्या कपाटालाच लायब्ररी म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील चौकशीला आले. म्हणाले, "सर, बाकी राहू दे. ते कपाट तेवढं दाखवा."

मी चक्रावलो. यांना कुणी सांगितलं? संध्याकाळी बाईंना लिहिलं, "आपलं बोलणं फुटतंय. मला शिपाई गणपतवर संशय आहे. त्याच्यासमोर बोलू नका."

सकाळी गणपत माझ्या टेबलावर चहाच ठेवेना!

"गणपत, चहा?"

"संशयिताच्या हातचा चालेल का साहेबांना?"

भिंतींना कान असतात हे ऐकलं होतं, पण कॉम्प्युटरला? मी बाईंना पुन्हा लिहिलं, "प्रकरण गंभीर आहे. यापुढे सांकेतिक भाषेत. विद्यार्थी म्हणजे मासा, प्रवेश म्हणजे जाळं."

बाईंचं उत्तर आलं, "छान! कुणाला पत्ता लागायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसच्या दारात कळंबची एक कोळीण मावशी उभी. "सर, मासा आनलाय. जाळ्यात कोन घेतो?"

"मावशी, मासळीबाजार पलीकडे आहे हो. ही शाळा आहे."

मावशी पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मग मागे लपलेल्या लेकीला तिने पुढे ढकललं. "ह्यो काय मासा! दहावी पास झालाय!"

मी पोरीकडे वळलो. "अगं, पण हे तुम्हाला कळलं कसं?"

पोरगी म्हणाली, "सर, पानावर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. आमची अख्खी दहावी रोज वाचते. आईलापण वाचून दाखवते मी."

"सगळं दिसतं?"

"कपाटापासून सगळं."

संपलं! नोकरी गेली, लग्न मोडलं. क्षीण आवाजात विचारलं, "मग आता आमच्याकडे कोण येणार गं?"

"सगळे येतोय ना! बाहेर बघा, रांग लागलीय."

खिडकीतून पाहिलं, तर खरंच गेटपर्यंत रांग! माझा ऊर भरून आला. म्हटलं, "शाळा एवढी आवडली तुम्हाला?"

"शाळा नाही, सर, तुम्ही! सहामाहीचा पेपर तुम्हीच काढणार ना? मग प्रश्न कुठले घालू, ते राऊतबाईंना तिथेच विचाराल की!"