काय हाय?

रविवारी फोनवर तुम्ही दोघं "हाय आजी!" म्हणालात आणि मी विचारलं, "काय हाय?" तुमच्या आईला वाटलं, मला कमी ऐकू यायला लागलं. कान शाबूत आहेत. हा प्रश्न मला पंचवटीतल्या एका मुलीने दिला.

आमच्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत मी दर मंगळवारी तिसरीच्या मुलांचं वाचन ऐकायला जाते. मुलं मला 'मॅडमआजी' म्हणतात. गेल्या वर्षी त्यांच्या खोलीचं छत गळायचं, म्हणून वर्ग रस्त्याकडच्या व्हरांड्यात भरायचा. रिक्षांच्या हॉर्नवर आवाज चढवून त्यांच्या बाईंचा घसा कायम बसलेला असायचा. एकदा तिथेच तुमचा फोन आला. "हाय!" तुम्ही ओरडलात. पुढच्या रांगेतल्या मुलीने मान वर करून विचारलं, "काय हाय?" वर्ग खो खो हसला. तिची आई बाजारात फुलं विकते, आणि त्यांच्या घरात 'आहे'ला 'हाय'च म्हणतात.

मग वाचनाची तपासणी लागली. ज्या शाळांचं वाचन सुधारलेलं दिसेल, त्यांना दुरुस्तीचा निधी आधी मिळणार होता. बाई मला म्हणाल्या, "आजी, छत मिळालं नाही तर पुढचं वर्ष माझ्याच्याने होणार नाही. मी बदली मागेन."

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं त्याच मुलीला उभं केलं. ती घडाघडा वाचायला लागली.

"आईच्या टोपलीत झेंडूची फुलं हायेत. टोपली जड हाय."

साहेबांचं पेन थांबलं. "पुन्हा वाच."

"टोपली जड हाय."

"बाळ, तिथे काय लिहिलंय?"

"आहे."

"मग हाय का म्हणतेस?"

"जडच हाय ना, सर! मी उचलते ना रोज."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. साहेबांनी चष्मा काढला.

"शेवंतीची टोपली असती तर?"

"ती हलकी. पण पाणी मारलं तर लय जड."

"बसा, बाईसाहेब," साहेब हसत तिला म्हणाले. मग बाईंकडे वळले. "नुसती अक्षरं वाचणारं मूल 'आहे' म्हणालं असतं. हिने वाक्य वाचलंय." आणि त्यांनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

त्या दिवशी बाकीची मुलंही छान वाचली, हे सांगायला हवं. सगळं श्रेय एकीला दिलं तर ती माझ्यावर रुसतील. दिवाळीच्या सुट्टीत छत झालं. भिंतींना रंग मात्र अजून नाही, आणि पंखा चालताना कुरकुरतो. पण बाई तिथेच आहेत, आणि आता हळू बोलल्या तरी शेवटच्या रांगेत ऐकू जातं. त्या खोलीत बसले की मला त्या साहेबांची आठवण येते. त्यांनी घाईत फुली मारली असती, तरी कोणी त्यांना जाब विचारला नसता.

तुम्ही मला फोनवर माझी पत्रं अगदी शुद्ध वाचून दाखवता. 'आ-हे', एकेक अक्षर सुटं. काय वाचलंत विचारलं की दोघंही नुसते हसता. म्हणून येत्या रविवारी मी पुन्हा "काय हाय?" विचारणार. डब्यात काय होतं, दप्तर किती जड होतं, काहीही सांगा. मी ऐकते हाय.